गुण लेपाचा की साळवे मॅडमच्या हाताचा

…तर तेच सांगत होते फोनवर, ‘यशस्वी’ हा शब्द मला लिहिता येणार नाही. संपादक मंडळातल्या सरांनी फार प्रेमाने सांगितलं होतं, “बेटा, मॅडमच्या मधाच्या लेपाचं जे यशस्वी संशोधन झालं, त्यावर चार-पाच पानं दे. तू होतीस ना त्या प्रोजेक्टवर.” मी उड्या मारत हो म्हटलं, घरी आले, लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच वाक्याला अडकले. कारण लेप यशस्वी झाला असं खुद्द मॅडम म्हणत नाहीत. त्यांच्याच साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात त्यांनाच मान्य नसलेलं वाक्य मी कसं छापायला देऊ? सरांना परत फोन केला तर ते हसले. म्हणाले, “मग जे झालं ते लिही.”

तर जे झालं ते लिहितेय. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये, मीरा रोडला. घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, परीक्षेत इंग्लिश. त्यामुळे जशी बोलते तशीच लिहिणार आहे. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

हा ग्रंथ मॅडमच्या नातेवाइकांच्या हातातही जाईल आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशांच्याही, म्हणून थोडी ओळख. वैद्य रमा साळवे म्हणजे भाईंदरच्या आमच्या आयुर्वेद कॉलेजात शल्यतंत्र विभागाच्या प्रमुख. शल्यतंत्र म्हणजे आयुर्वेदातली सर्जरी. जखमांची ओपीडी इतकी वर्षं त्यांनीच चालवली. डायबेटिसमुळे न भरणारे पाय, भाजलेले हात, फुटलेली गळवं, सगळं त्यांच्याकडे येतं. आणि त्यांच्याकडे एक लेप आहे: मध, त्याहून कमी तूप, हळद आणि ज्येष्ठमध. उत्तनपासून दहिसरपर्यंत लोक त्याला ‘साळवे मॅडमचा लेप’ म्हणतात. मॅडम मात्र त्याला ‘गुरुजींचा लेप’ म्हणतात. ते गुरुजी कोण, हे पुढे सांगते.

माझी आणि मॅडमची पहिली भेट म्हणजे माझा इंटरव्ह्यू. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून नुकतीच मोकळी झाले होते आणि आयुर्वेदाच्या प्रेमात होते. मला वाटलं, प्रेम दाखवलं की नोकरी मिळेल. मॅडमनी विचारलं, “मधाने जखम भरते का?”

मी म्हटलं, “हो मॅडम, शंभर टक्के! आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं.”

“कशावरून?”

“ग्रंथांत आहे ना मॅडम.”

“कुठला ग्रंथ वाचलात?”

शेवटी मी खरं ते सांगितलं, “मॅडम, रील बघितलं होतं.”

शेजारी बसलेले प्राचार्य सर खोकल्यासारखं करून हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मी इतकी वर्षं हा लेप लावतेय. माणसं बरी होऊन जातात. पण ती लेपाने बरी झाली, की रोज जखम धुतल्याने, की तशीही होणारच होती, हे मला माहीत नाही. मला ते माहीत करून घ्यायचंय. तुम्हाला उत्तर आधीच माहीत असेल तर तुमचा काही उपयोग नाही.”

मी म्हटलं, “नाही मॅडम, मलाही माहीत नाही.”

“आत्ता बरोबर बोललात. सोमवारपासून या.”

सोमवारी मी लॅबकोट घालून गेले तर मॅडमनी मला लॅबमध्ये पाठवलंच नाही, ओपीडीत बसवलं. पेशंटला वेदना किती होतात हे नोंदवायचं काम होतं. इंग्लिशमध्ये त्याची सोपी पद्धत असते, शून्य ते दहामध्ये किती? मी पहिल्या पेशंटला विचारलं, “काका, दहापैकी किती दुखतंय?” ते म्हणाले, “दुखत नाही हो, ठणकतंय.” मी म्हटलं, “हो, पण दहापैकी किती?” ते मॅडमकडे बघून म्हणाले, “ही मुलगी मला मार्क का मागतेय?”

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मराठी शिकले असं म्हटलं तरी चालेल. ठणकतं, चरचरतं, सलतं, भगभगतं, टोचतं, झिणझिणतं. माझ्याकडे या सगळ्यांसाठी एकच ‘पेन’ होता. मॅडम समजावून सांगायच्या, “ठणकतंय म्हणाले की आत पू आहे का ते बघायचं. चरचरतंय म्हणाले की वरची कातडी उघडी आहे. झिणझिण्या म्हणाले की शुगर विचारायची. आणि काहीच वाटत नाही म्हणाले, की सगळ्यात जास्त घाबरायचं.” आमच्या तपासणीत आकडे राहिलेच, पण आकड्याच्या शेजारी पेशंटचा शब्दही आला. तो मॅडमचा हट्ट होता. मला विचाराल तर पूर्ण प्रोजेक्टमधला तो सगळ्यात सुंदर कॉलम होता.

आता तपासणी काय होती ते सांगते. अर्ध्या पेशंटना गुरुजींचा लेप आणि अर्ध्यांना नुसता शुद्ध मध. जखम धुण्याची पद्धत सारखी, पट्टी सारखी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, मॅडमनाही नाही आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनाही नाही. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून नुसत्या मधालाही हळदीसारखा रंग दिला होता; कुठल्या नंबरच्या डबीत काय याची यादी, म्हणजे कोडची किल्ली, फक्त आमच्या फार्मसीत. मध मी ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक करायला निघाले होते, तेव्हा मॅडमनी अडवलं. “मध तापवायचा नाही.” मी विचारलं, “ग्रंथात लिहिलंय म्हणून?” त्या म्हणाल्या, “ग्रंथात लिहिलंय म्हणून मी शंका घेतली. मग वाचलं. मधात एक एन्झाइम असतं, जंतूंशी भांडणारं. तापवलं की ते जातं. म्हणजे इथे ग्रंथ आणि तुमचं सायन्स एकाच बाजूला आहेत. नेहमी असं होईल असं नाही.” शेवटी मध रेडिएशनने निर्जंतुक करून आणला.

पेशंटना हे सगळं समजावणारा एक कागद लिहायचा होता. तो मी लिहिला आणि मला त्याचा फार अभिमान होता. नुसत्या मधाच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाला मी ‘कंट्रोल ग्रुप’ लिहिलं. पहिल्याच दिवशी मुर्ध्याच्या हिराबाई आल्या. हिराबाई सुकी मासळी विकतात. पायाला माशाचा काटा लागला, शुगर होतीच, जखम भरेना. मी त्यांना कागद वाचून दाखवला. त्या शांतपणे ऐकत होत्या, मग एकदम ताठ बसल्या.

“म्हंजे एकाला मॅडमचा लेप, न दुसऱ्याला कंट्रोलचा मध?”

“हो मावशी.”

“रेशनचा तांदूळ मी खाते, त्याला ना न्हाय. पन पायाला रेशनचा मध न्हाय लावनार. सांगून ठेवते.”

मला काही कळेना. आमच्या घरी रेशनच्या दुकानाला कोणी कंट्रोल म्हणत नाही. बाजूच्या बाकावरच्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या, “हमको भी कंट्रोलवाला नहीं चाहिए.” मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, कागद वाचला आणि दाराला टेकून इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग तिथेच उभ्या राहून त्यांनी नवा मजकूर सांगितला: “दोन प्रकारच्या डब्या आहेत. एकीत आमचा लेप आहे, एकीत चांगला मध. कुठली मिळेल ते चिठ्ठी काढून ठरेल. दोन्हींपैकी कुठली जास्त चांगली, हे आम्हाला खरंच माहीत नाही.”

प्राचार्य सरांना शेवटचं वाक्य पटलं नाही. “मॅडम, ‘आम्हाला माहीत नाही’ असं पेशंटला लिहून देणार?”

“माहीत असतं तर त्यांचा पाय कशाला मागितला असता सर?” मॅडम म्हणाल्या. ते वाक्य तसंच राहिलं. हिराबाईंनी अंगठा दिला.

मॅडमच्या चांगुलपणाबद्दल या ग्रंथात खूप जण लिहितील. मी एकच प्रसंग सांगते, कारण तो मी डोळ्यांनी बघितला. पेणकरपाड्याचे एक रिक्षावाले होते, यादवजी. पायाचं बोट काळं पडलेलं. कोणीतरी सांगितलं म्हणून लेपासाठी आले होते. मॅडमनी बोट बघितलं आणि पट्टीला हातच लावला नाही. “यादवजी, ये शहद का काम नहीं है. अभी के अभी हॉस्पिटल.”

“मॅडमजी, थोडा लगा दो ना. आपका नाम सुनके आया हूँ.”

“नाम से उंगली नहीं बचती,” मॅडम म्हणाल्या. यादवजी उठेनात. हॉस्पिटल म्हणजे पाय कापणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. तेव्हा मॅडमनी पर्स उचलली, ओपीडी ज्युनियर डॉक्टरांवर सोपवली आणि यादवजींना त्यांच्याच रिक्षात मागे बसवलं. रिक्षा कोणी चालवली? नाक्यावरच्या दुसऱ्या रिक्षावाल्याला हाक मारून आणलं. सर्जनशी बोलून, ॲडमिट करून, यादवजींची बायको येईपर्यंत मॅडम तिथेच बसल्या. बोट गेलं, पाय वाचला. यादवजी आजही कॉलेजच्या गेटवर कोणाला सोडायला आले की वॉचमनला विचारतात, “मॅडमजी ठीक है ना?” त्यांच्या पायाला मॅडमनी लेपाचा एक थेंबही लावला नव्हता, पण यादवजी सगळ्यांना सांगतात, “उनके हाथ में जादू है.”

हाच तर मॅडमचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होता. मराठीत त्याला छान शब्द आहे, हातगुण. मला तो ओपीडीत ड्रेसिंग करणाऱ्या, तारोडीच्या आमच्या सिस्टर फिलोमिनांनी शिकवला. “अमुक डॉक्टरच्या हाताला गुण हाय म्हंतात ना, तो,” त्या म्हणाल्या, “मॅडमच्या हाताला हाय. औषध कुनाचं बी असू दे.” मी हे मॅडमना कौतुकाने सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. “हाच गुण मला मोजणीतून बाहेर काढायचाय,” त्या म्हणाल्या. म्हणूनच त्यांनी ठरवलं होतं की तपासणीतल्या एकाही जखमेला त्या स्वतः हात लावणार नाहीत. सगळी ड्रेसिंग सिस्टर फिलोमिना करतील.

आता गुरुजींबद्दल. मॅडम मराठवाड्यातल्या. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या वस्तीतून आयुर्वेदाला जाणारी मी पहिलीच, असं त्या सहज सांगतात. तालुक्याच्या गावात एक म्हातारे वैद्य होते. कॉलेजच्या सुट्टीत मॅडम त्यांच्याकडे शिकायला गेल्या. बौद्ध घरातली मुलगी माजघरात येणार हे त्या घरातल्या काहींना चाललं नाही. “मग गुरुजींनी काय केलं?” मी विचारलं. आम्ही तेव्हा लॅबमध्ये हळद आणि ज्येष्ठमध खलत होतो. मॅडम म्हणाल्या, “काही नाही केलं. भांडले पण नाहीत. खल उचलून माजघराच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, रमा, इथे बसून खल, उजेड बरा आहे.” मॅडमनी खलातली पूड चाळणीत ओतली. “हा लेप त्यांनी मला शिकवला. शिकवताना म्हणाले, याने गुण येतो. का येतो ते मला नाही कळलं. तुला कळलं तर मला सांग.”

सांगायला गुरुजी आता नाहीत. पण मला त्या दिवशी कळलं की ही तपासणी मॅडमसाठी साधं रिसर्च नव्हतं. ज्या माणसाने त्यांना घराच्या मधोमध बसवलं, त्याचाच लेप त्या तराजूत घालत होत्या. लेप नुसत्या मधाच्या पुढे गेला नाही तर? हे मी विचारलंही. मॅडम म्हणाल्या, “तर गुरुजींना तेच सांगायचं. त्यांनी ‘का’ विचारलं होतं. ‘हो’ म्हण, असं नव्हतं सांगितलं.”

लॅबमधला एक किस्सा मध्येच सांगते, कारण त्यातून मॅडमची पद्धत कळते. जेलीच्या ताटलीत जंतू वाढवायचे, मध्ये छोटा खड्डा करून औषध घालायचं, आणि औषधाच्या भोवती जंतू मेले की स्वच्छ गोल दिसतो. मधाभोवती मस्त गोल आला. लेपाभोवती काहीच नाही. मी रडकुंडीला आले. मॅडम ताटलीत बघून म्हणाल्या, “तूप पाण्यात विरघळतं का?” नाही. “ही जेली कशाची आहे?” बहुतेक पाण्याचीच. “मग तुपात अडकलेला मध बाहेर कसा येणार? ही ताटली म्हणजे पाय नाही.” मी लगेच खुशीत म्हटलं, “म्हणजे लेप चांगलाच आहे!” त्यावर मॅडम म्हणाल्या, “असं मी कुठे म्हटलं? ही ताटली या लेपाबद्दल काही सांगू शकत नाही, एवढंच म्हटलं.” वाईट निकालावर त्या जितक्या शंका घ्यायच्या, तितक्याच चांगल्या निकालावरही घ्यायच्या. हे फार कमी लोकांना जमतं. मला तर अजून जमत नाही.

आणि मग डब्यांची भानगड झाली.

प्रत्येक पेशंटची स्वतःची डबी होती, वर फक्त नंबर. पेशंट आला की मी खिडकीतून डबी द्यायची, त्याने ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला सिस्टरकडे न्यायची. पॅसेज छोटासा. पण त्या पॅसेजच्या बरोबर मध्ये मॅडमची केबिन आहे, ही गोष्ट प्लॅन करताना कोणाच्याच डोक्यात आली नाही.

हिराबाईंच्या डोक्यात मात्र पहिल्याच दिवशी आली. मॅडम जखमेला हात लावणार नाहीत हे कळल्यावर त्या नाराज झाल्या होत्या. “मना तं मॅडमचा हात पायजे. त्याबिगर गुन कसा येल?” मग त्यांनीच उपाय काढला. डबी घेऊन केबिनच्या दारात उभं राहायचं, झाकण उघडायचं आणि म्हणायचं, “मॅडम, पायाला नको, डबीला तरी हात लावा.” मॅडम कामात असायच्या, आणि समोर म्हातारी बाई हात पुढे करून उभी. त्या डबीला बोट लावायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि पुढचं काम करायच्या. हे इतर पेशंटनी बघितलं. मग रांगच लागायला लागली. सिस्टर फिलोमिना वैतागायच्या, “डबीची वरात काढतात ही लोकं! माझ्या टेबलाशी यायला अर्धा दिवस!” मी खिडकीतून हे रोज बघत होते आणि मला ते इतकं गोड वाटायचं की मी फोटोसुद्धा काढले.

तपासणी संपली. जखमा भरायला कोणाला किती वेळ लागला ते सगळं आलं, कोड उघडला. लेप पुढे होता. खूप नाही, पण पुढे. प्राचार्य सरांनी पेढे मागवले. मी सिस्टरना मिठी मारली. सर म्हणाले, “मॅडम, तुमचे गुरुजी जिंकले!”

मॅडमनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. कुठल्या डबीत काय होतं तो कागद त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, “फिलोमिना, हिराबाईंच्या डबीला तुपाचा वास यायचा का गं?”

“यायचा की मॅडम.”

“मलाही यायचा,” मॅडम म्हणाल्या. “झाकण उघडलं की यायचा. आणि मला तो वास ओळखीचा आहे. गुरुजींच्या घराचा आहे.”

कोणालाच काही कळलं नाही. सर म्हणाले, “मग?”

“मग मी थांबून बोलायचे. पाय धुतला का, ओल्यात उभ्या राहिलात का, गोळी घेतली का, चप्पल कुठली घालता. ज्या डबीला वास नाही, तिला बोट लावून म्हणायचे, बरंय ना, या.” मॅडमनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. “मी मुद्दाम नाही केलं. पण केलं. लेपवाल्यांना लेपही मिळाला आणि मीही मिळाले.”

सर समजुतीने म्हणाले, “अहो मॅडम, डबीला बोट लावल्याने जखम भरते का? तुम्ही सायन्सवाल्या.”

“बोटाने नाही भरत सर. रोज कोणी विचारत असलं की माणूस पाय धुतो. त्याने भरते.”

“पण हे कोणाला माहीत आहे? फक्त आपल्या चौघांना.”

“गुरुजींना मी काय सांगू?” एवढंच मॅडम म्हणाल्या. सरांच्या बाजूने सांगायचं तर त्यांनीच नंतर झालं ते सगळं रिपोर्टमध्ये लिहायच्या मॅडमच्या निर्णयावर सही केली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

सिस्टरना प्रत्येक पेशंट आठवत होता, कोण केबिनच्या दारात थांबायचं आणि कोण सरळ टेबलाशी यायचं. सरळ येणाऱ्यांचंच वेगळं काढून बघितलं तर लेप आणि नुसता मध जवळजवळ सारखे. अर्थात असे लोक इतके थोडे होते की त्यांच्यावरूनही काही म्हणता येत नव्हतं. मॅडमनी रिपोर्टमध्ये दोन्ही निकाल घातले, स्वतः काय केलं तेही घातलं. शेवटचं वाक्य मराठी गोषवाऱ्यासाठी मी ‘निष्कर्ष अनिर्णित’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं. “अनिर्णित म्हणजे मॅच ड्रॉ झाल्यासारखं वाटतं. मॅच संपलेली नाही. ‘अजून ठरलेलं नाही’ असं लिही.”

तोपर्यंत त्या मला ‘तुम्ही’ म्हणायच्या. ‘लिही’ हे त्यांचं मला पहिलं एकेरी. मी तो दिवस विसरणार नाही.

या सगळ्यात हिराबाईंची जखम भरली, हे सांगायलाच हवं. त्या परत बाजारात बसतात. त्यांना विचारलं की म्हणतात, “डबीला हात लागला ना मॅडमचा, मग भरनारच.” मॅडमनी त्यांना बसवून सगळं समजावलं, तुपाचा वास वगैरे. हिराबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “तेच तं मी बोलते. तुमचाच गुन हाय.” मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी हरलो.

आता मॅडम साठ वर्षांच्या होतायत आणि कॉलेजमधून निवृत्त होतायत. गौरव समितीने समारंभात प्रत्येक पाहुण्याला लेपाची छोटी डबी द्यायचं ठरवलं होतं, वर मॅडमचा फोटो आणि खाली ‘जखमेवर गुणकारी’. मॅडमनी फार नम्रपणे नाही म्हटलं. समितीतल्या काहींना वाईट वाटलं हे मला माहीत आहे. म्हणून इथे सांगते, तो समितीचा अपमान नव्हता. त्यांच्या हिशोबाने ते वाक्य अजून खरं झालेलं नाही, इतकंच.

त्यांना ते खरं आहे का हे परत बघायचंय. दुसरी तपासणी मंजूर झालीय. या वेळी दोन्ही डब्यांना रंगाबरोबर वासही सारखाच असेल. सिस्टर फिलोमिना असतील, मी असेन. आणि मॅडम नसतील. ती त्यांचीच अट आहे. तपासणी चालू आहे तोपर्यंत त्या ओपीडीच्या मजल्यावर पाऊल ठेवणार नाहीत, कोणाच्या जखमेची चौकशी फोनवरही करणार नाहीत. पाय धुतला का हे आम्ही विचारायचं, सगळ्यांना सारखं, तेच शब्द. ज्या बाईने आयुष्यभर रोज सकाळी माणसांचे पाय बघितले, त्या बाईला घरी बसून राहणं किती जड जाईल! मी हे बोलले, तर मॅडम म्हणाल्या, “जड जाईलच. पण मी तिथे असेन तोपर्यंत गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही. उत्तर मीच होऊन बसते.”

सिस्टरना मात्र वेगळीच काळजी आहे. “तुम्ही न्हाय तं पेशंट बी न्हाय येनार मॅडम,” त्या तोंडावर म्हणाल्या. आणि मला भीती आहे की त्यांचं बरोबर आहे. पेशंटच आले नाहीत तर दुसरी तपासणी होणारच नाही, आणि ‘अजून ठरलेलं नाही’ हेच वाक्य कायमचं राहील.

मॅडम, तुम्हाला खूप वर्षं मिळोत, आणि ती सगळी धडधाकट मिळोत. रोज संध्याकाळी खाडीच्या कडेने चालता यावं, पुस्तक वाचायला चष्म्याचा नंबर वाढू नये, शुगर तुमच्या वाटेला कधी न येवो. आमच्या हातून उत्तर निघेल तेव्हा ते ऐकायला तुम्ही समोरच्या खुर्चीत असावं, आणि ते काहीही असलं तरी त्या दिवशी पेढा खावा.

आणि हे वाचणाऱ्यांतले कितीतरी जण मॅडमचेच पेशंट आहात, मुर्ध्याचे, उत्तनचे, मीरा रोडचे. तुम्हालाच विचारते, कारण आता सगळं तुमच्यावर आहे. उद्या तुमच्या पायाला जखम झाली, आणि मॅडमचा हात न लागलेली, नुसता नंबर लिहिलेली डबी मी खिडकीतून पुढे केली, तर तुम्ही ती घ्याल का?